चिमक्काला नेणारा सारंग

गोष्ट ऐकताना सारंगचे ओठ हलायचे. आमच्या मंडळाच्या गणपतीत मी दरवर्षी चिमक्काची नवी गोष्ट सांगायचो. पुण्याहून इथं कानडी मुलखात नोकरीला आलेला हा माणूस पहिल्या रांगेत बसून माझं वाक्य माझ्यामागून पुटपुटायचा. मला वाटलं, भक्ती आहे. पाठांतर चाललं होतं.

चिमक्का माझी. इथल्या शिवाजीनगरात गाड्यांची सीटकव्हरं शिवता शिवता मी तिला घडवली. नारळ विकते, नवऱ्याला 'अहो पाहुणे' म्हणते, आणि राग आला की माणसाशी नाही, भिंतीशी बोलते: "भिंतीबाई, ह्यांना सांगा." तिला कधी लिहिली नाही. मी चौथी शिकलेला, आणि लिहिलेली गोष्ट शिळी होते असं आमच्या घरात मानतात.

सारंग मंडळात जेवायला बसला की शेजारच्या ताटातली भजी न विचारता उचलायचा. "शेअरिंग हो, काका." मग त्याचं पुस्तक आलं. त्यात चिमक्का, पाहुणे, भिंत, सगळं.

मी जाब विचारला. म्हणाला, "कल्पना कुणाच्या मालकीची नसते, काका. आभारात तुम्हाला 'प्रेरणा' म्हटलंय."

"गाय सोडून नेलीस आणि गोठ्याचे आभार मानतोस होय?"

"मस्त आहे हे. वापरू का?"

जयनगरच्या एका कानडी वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, "भांडखोर नारळवाली ही नुसती कल्पना, ती कुणीही घ्यावी. पण नाव, खोड, बोलणं, नवरा असं घडवलेलं पात्र तुमचं ठरू शकतं. कुठं लिहिलंय? रेकॉर्ड केलंय?"

"अख्ख्या मंडळाला पाठ आहे."

"सरी, ठीक. मग मंडळ साक्ष देईल? नाहीतर स्वल्प कठीण आहे, अण्णा. कागद हवा होता."

मंडळानं साक्ष दिली नाही. सारंगचा सत्कार केला आणि त्याला शाल घालायला मला बोलावलं. मी गेलो नाही. त्या वर्षापासून गोष्टही सांगितली नाही.

यंदा सारंग पेढे घेऊन घरी आला. दुसरं पुस्तक अडलं होतं. "काका, पाहुणे घर सोडून गेले की पुढं चिमक्का काय करते?"

मी त्याच्याकडे पाठ केली. "भिंतीबाई, ह्यांना सांगा, दार उघडंच आहे."

वळून पाहिलं तर त्याचे ओठ हलत होते. मग गेला. पेढेही परत नेले.

त्या दिवसापासून मी चिमक्काला लिहितोय. अक्षर वाकडं आहे. प्रत्येक पानाखाली सही करतो, तारीख घालतो. शिळी होत असेल तर होऊ दे. माझ्या घरात होईल.