दाजींच्या कंप्युटरमधलं गाव

कंप्युटरमधली फाईल कुठे आहे असं विचारल्यावर "वेशीतून आत शिरा, मारुती उजव्या हाताला ठेवा आणि सुताराच्या घरावरून खाली उतरा" असं उत्तर देणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा नवरा निघावा हे आमच्या घराण्याचं भाग्य आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. लातूरच्या एका मोठ्या कोचिंग क्लासमध्ये सराव परीक्षांच्या प्रश्नपत्रिका टाईप करायच्या, जुळवायच्या आणि छापायला द्यायच्या हे त्यांचं काम. साऱ्या महाराष्ट्रातून पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येऊ लागली होती, ज्याच्या घरात म्हणून एक जादा खोली होती तो हॉस्टेलवाला झाला होता आणि जिच्या हाताला चव होती ती मेस चालवत होती. अशा त्या धामधुमीत रसायनशास्त्राचे सर धापा टाकत येत आणि विचारत, "काका, सेंद्रियचा दुसरा संच कुठंय?" दाजी मान वर न करता सांगत, "वाण्याच्या दुकानाला लागून." सर आले तसे परत जात आणि संच पुन्हा नव्याने काढत. क्लासमधल्या निम्म्या लोकांची खात्री होती की दाजींना भूकंपाचा धक्का डोक्याला बसला आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना दाजी आपली थट्टा करतात असं वाटे.

भूकंपाचा धक्का त्यांना बसला होता हे मात्र खरं. त्याआधी दाजी किल्लारीच्या बाजूच्या एका गावात शेती बघत आणि तिथल्याच शाळेत मास्तरकी करत. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, बाळंतपणासाठी आमच्याकडे उमरीला आली होती आणि दाजी बाळ बघायला आले होते, म्हणून दोघं वाचले. दाजींचे आई, वडील आणि धाकटा भाऊ गावात होते. ते राहिले नाहीत. गावही राहिलं नाही. सरकारने थोड्या अंतरावर नवं गावठाण बसवलं, पण दाजी तिथे रमले नाहीत आणि बायकोमुलाला घेऊन लातूरला आले.

तेव्हापासून त्यांना काही सवयी जडल्या. घराच्या दाराला ते आतून कडी म्हणून लावत नाहीत. चोराचं काय, असं अक्काने विचारलं तर म्हणाले, "चोर आला तर सामान नेईल, आपल्याला तर ठेवील." गच्चीवर पाण्याची टाकी बसवायची तर आधी तिच्याखाली कोण झोपतं याची चौकशी करतात. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध सवय म्हणजे पेल्यांची. भूकंपानंतर आमच्याकडे पुष्कळ घरांतून लोक एका पेल्यावर दुसरा पेला उपडा ठेवत, म्हणजे जमीन हलली की तो पडून आवाज व्हावा. बाकीच्यांनी वर्षा-दोन वर्षांत पेले परत मांडणीवर लावले. दाजींनी ते आपल्याबरोबर क्लासमध्ये नेले आणि कंप्युटरच्या डोक्यावर मांडले. एकदा वरच्या मजल्यावर कोणी तरी बाकं ओढली, पेला खणकन फरशीवर पडला, आणि पापणी लवायच्या आत दाजी रस्त्यावर आणि त्यांच्यामागे जीवशास्त्राची अख्खी बॅच. कोणी घाबरलं होतं, कोणी हसत होतं, बहुतेकांना तास बुडाल्याचा आनंद होता. क्लासचे मालक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते बाहेर येऊन म्हणाले, "काका, अहो काय हे?" दाजी शांतपणे पोरं मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "समदे हायत. आता शिकवा."

तर असे हे दाजी कंप्युटरवर बसले तेव्हा त्यांनी पहिलीच अट घातली, की फोल्डरच्या पोटात फोल्डर ठेवायचा नाही. जे काही असेल ते पडद्यावर उघड्यावर असलं पाहिजे. त्या जुन्या सिस्टीमच्या पडद्यावर एक हिरवीगार टेकडी असे. लातूरच्या उन्हाळ्यात डोळ्याला तेवढीच हिरवळ. दाजींनी त्या टेकडीवर सगळे फोल्डर असे पसरले होते की बघणाऱ्याला वाटावं, धान्याचं पोतं फुटलंय. मी नांदेडला एका कॉलेजात कंप्युटर शिकवतो, म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढतो अशी नातेवाइकांची समजूत आहे. एकदा लातूरला गेलो असताना मी तो पसारा पाहून म्हणालो, "दाजी, हे ओळीत लावून देऊ का?" त्यांनी माझा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला. "पसारा न्हाई हा, पाव्हणं. गाव हाय आमचं."

मग त्यांनी मला गाव फिरवून दाखवलं. ही वेस. हा मारुती, इथे उत्तरतालिका ठेवलेल्या, कारण गावात खोटं बोलणाऱ्याला मारुतीसमोर उभं करत. विद्युतधारा पहिल्यांदा ज्यांच्या घरी वीज आली त्यांच्याकडे. पेशीविभाजन पाटलांच्या भावकीत, कारण तिथे दर पिढीला वाटणी ठरलेली. प्रजनन ज्या घरात होतं त्या घरातल्या पोरांची गणती खुद्द बापालाही येत नसे. खालच्या अंगाला एका कोपऱ्यावर श्वसनसंस्था होती. "हे आमचं घर," दाजी म्हणाले, "आमच्या वडलांना, दादांना, दमा होता. वेशीपर्यंत खोकला ऐकू यायचा." सांगताना दाजी अगदी खुशीत होते. रोज सकाळी येऊन ते आधी गावातून एक चक्कर मारत आणि मगच कामाला लागत.

आणि एका दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या सरांनी सगळ्या कंप्युटरवर नवी सिस्टीम टाकून घेतली.

सुट्टीनंतर क्लास उघडला तेव्हा तिथे जी तारांबळ उडाली तिचं वर्णन मी नंतर अनेकांच्या तोंडून ऐकलं आणि प्रत्येकाने दुसऱ्याचाच फजितवाडा सांगितला. भौतिकशास्त्राचे सर म्हणे खालच्या कोपऱ्यातलं सुरू करायचं बटण चौकोनी होतं ते गोल झालेलं पाहून अर्धा तास त्याला हातच लावेनात. प्रवेशाचं काम बघणाऱ्या मॅडमना कंप्युटरमधलं गणकयंत्र सापडेना, तेव्हा त्यांनी वही काढली आणि काम आधीपेक्षा लवकर उरकलं. मराठी टाईप केलेल्या जुन्या नोटिसा उघडल्या तर अक्षरांच्या जागी चौकोन आणि फुल्या. शिपायाने त्यातली एक तशीच फलकावर लावली आणि पोरांनी ती कोड्यासारखी सोडवायला घेतली. रसायनशास्त्राच्या सरांना एकच कळलं, की मागचं चित्र बदलता येतं. त्यांनी धबधबा लावला आणि घरोघरी जाऊन आमंत्रण द्यावं तसं सगळ्यांना बघायला बोलावलं. वर ती सिस्टीम प्रत्येक गोष्टीला थांबून विचारायची, हा बदल करायला तुमची परवानगी आहे ना. कोणाला ही अदब फार आवडली, कोणाला वाटलं आपल्या हातून काही तरी गुन्हा घडतोय.

दाजींनी कंप्युटर लावला, खुर्चीवर बसले, उठले, अंगणातल्या नळावर तोंड धुतलं आणि परत येऊन बसले. टेकडी गेली होती. सगळे फोल्डर डाव्या हाताला, वरून खाली, अक्षरांच्या क्रमाने शिस्तीत उभे होते. तेवढ्यात पडद्यावर परवानगीची ती चौकट आली. "आधी मोडलं," दाजी म्हणाले, "आन् मग विचारून राहिलं." मग त्यांनी कंप्युटर बंद केला, पेले उचलले आणि घरी गेले. तापातही रजा न घेणारा माणूस भर कामाच्या वेळी घरी गेला म्हटल्यावर मोठ्या सरांनी घाबरून मला नांदेडला फोन केला. त्यांचा सूर गोंधळलेला होता. "अहो, एकही फाईल गेलेली नाही. सगळं जिथल्या तिथं आहे. काकांना झालंय काय?"

सगळं जिथल्या तिथं नव्हतं हीच तर गोष्ट होती, पण ती फोनवर कशी सांगणार? मी अर्धापुरी केळ्यांचा एक फणा घेतला आणि लोहा-अहमदपूर करत लातूर गाठलं. रविवार होता, क्लासला सुट्टी. दाजींना समजावून मी क्लासमध्ये नेलं आणि जाणत्याच्या थाटात कंप्युटरसमोर बसलो. "दाजी, हे बघा. सगळे फोल्डर आहेत."

"माणसं समदी हायत म्हणता?"

"हाव. सगळी."

"आन् गल्ल्या?"

सिस्टीम टाकणाऱ्याने फाईली जपून उतरवल्या होत्या, पण त्या पडद्यावर कुठे मांडल्या होत्या हे जपायचं असतं हे त्याला कोण सांगणार? मी एक तास इकडे तिकडे शोधलं. दाजी केळं न खाता हातात धरून बसले होते. "नव्या गावठाणात बी हेच केलं होतं," ते म्हणाले. "घर पक्कं दिलं, रस्ता रुंद दिला, नळ दिला. नाव ठेवायला जागा न्हाई. पण आमची चुलती एका टोकाला आन् तिची जाऊ दुसऱ्या टोकाला. आमचा एक दोस्त पयल्या महिन्यात दुसऱ्याच्याच घरात जाऊन जेवून आला. घरं सारखी, वाढणारीनं बी विचारलं न्हाई." ते हसले, मीही हसलो, आणि मग म्हटलं, "तुमच्या डोक्यात तर आहे ना सगळं? तुम्ही सांगा, मी मांडतो."

वेस लागली. मारुती लागला. वाणी लागला, सुतार लागला. आणि मग दाजी थांबले. सुताराच्या पुढे गल्ली डावीकडे वळते की उजवीकडे? बोट पडद्यापर्यंत नेत आणि मागे घेत. "पाव्हणं, मला वाटत होतं डोक्यात हाय," ते हळू म्हणाले. "मी ते तिथं ठेवून मोकळा झालो होतो की." आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाची भीती वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी वाटली. एकदा गाव जमिनीत गेलं होतं. आता ते त्यांच्या आतून जाऊ लागलं होतं आणि मी समोर बसून नुसता माऊस धरला होता.

एवढ्यात अक्का डबा घेऊन आली. तिने आजवर हा कंप्युटर पाहिला नव्हता, दाजींनी तो कधी दाखवलाही नव्हता. मी तिला काय चाललंय आणि कोणता फोल्डर म्हणजे कोणाचं घर ते सांगितलं. तिने डबा ठेवला, चष्मा लावला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "ह्ये काय? सुताराच्या परसात वाणी कुठून आला?"

दाजी अक्काला म्हणाले, "तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर मागल्या वाटेनं जात होता."

"म्हणून तर माहीत. पुढून समदी घरं सारखीच दिसतात."

सून म्हणून अक्का त्या गावात नांदली ती डोक्यावर पदर घेऊन, मागच्या गल्लीने. कोणाच्या परसात शेवगा, कोणाची मोरी कुठे सुटते, कोणाच्या चुलीचा धूर कोणाच्या भिंतीवर, हे तिला पाठ. दाजींना दारं आठवत, ओटे आठवत, ओट्यावर बसलेली माणसं आठवत. एकाने पुढून यावं, दुसरीने मागून यावं, आणि मध्ये घर सापडावं असं चाललं होतं. भांडले तर किती! कुंभाराचं घर चार वेळा हलवलं. "तुमचं चुकून राहिलं," "तुम्हाला काय कळतं," "मंग तुम्हीच मांडा," असं म्हणत दोघं माझ्या दोन्ही खांद्यांवरून पडद्याला बोटं लावत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गावाबद्दल ही दोघं एकमेकांशी इतकं बोलताना मी कधी पाहिली नव्हती. श्वसनसंस्थेचा फोल्डर आला तेव्हा मात्र कोणी भांडलं नाही. अक्काने जागा दाखवली, मी ठेवला.

शेवटी एक फोल्डर उरला. मिश्र सराव. बाकीच्यांना काही ना काही खूण होती, याला काहीच नव्हती. जागा मात्र उरली होती, कुंभार आणि भावकी यांच्यामध्ये. "तिथं घर होतं," अक्का म्हणाली, "मागं पाण्याची दगडी डोण होती. मी हात धुतलेत तिथं." दाजींना दारातलं बोराचं झाड आठवलं. नाव दोघांनाही आठवेना. दाजींनी गावच्या लोकांना फोन लावले. एक म्हणाला तिथे मोकळी जागा होती, दुसरा म्हणाला कुंभाराचीच ती दुसरी खोली. तिसऱ्याला फोन लावता लावता दाजी थांबले आणि त्यांनी फोन खिशात टाकला. मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्या घरातलं कोणीच उरलं नव्हतं, म्हणून विचारायला कोणी नव्हतं. मी मिश्र सरावाचा फोल्डर त्या जागेवर ठेवला आणि आम्ही तिघांनी डबा खाल्ला.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लातूरला पोरं येतातच आहेत, सिस्टीमा बदलतातच आहेत. दाजींनी काम सोडलं तेव्हा मोठ्या सरांनी त्यांना तो कंप्युटर घरी नेऊ दिला. त्यात आता प्रश्नपत्रिकांचं काही काम उरलेलं नाही. मागच्या महिन्यात मी गेलो होतो तर सकाळी चहाच्या आधी दाजी त्याच्यासमोर बसलेले. त्यांनी मिश्र सराव उघडला, आतलं काही न वाचता थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि मग बंद केला. मी विचारलं, "दाजी, हे रोज कशाला?"

ते चहाची वाट बघत म्हणाले, "दार उघडाया कोणीतरी पायजे ना, पाव्हणं. घर नेहमी बंद दिसलं की लोकं म्हणतात, तिथं कोणी नव्हतंच."