पेटीवर काही ठेवायचं नाही

आमचे आबा घरात शिरताना चपला काढायच्या आधी उंबऱ्यावर थांबून वास घ्यायचे. मान जरा वर, डोळे मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या. मग आत येऊन खिडकी उघडायचे आणि त्यानंतरच म्हणायचे, "चाय टाक गो." लग्न होऊन मी घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा मला वाटलं, सुनेनं भाजी करपवलीय की दूध उतू घालवलंय याचीच ही तपासणी. पहिले सहा महिने त्यांची चाहूल लागली की मी आधी पातेल्यांची झाकणं उघडून बघायचे.

आबा म्हणजे माझे सासरे. मूळचे मालवणकडचे. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली; दारात वास घ्यायची सवय तिथलीच, हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्या प्रत्येक पॅंटला ॲसिडची बारीक बारीक भोकं होती आणि ती ते मेडल्ससारखी मिरवायचे. डोंगरावर तेव्हा कुणाकडेच विजेचं मीटर नव्हतं, सगळा कारभार रॉकेलवर. ऐंशीचं दशक संपत आलं असेल, एक दिवस आबा डोक्यावर सौर पॅनल घेऊन डोंगर चढून आले. कुठल्याशा लांबच्या टेलिफोन मनोऱ्यासाठी ते आलं होतं आणि काच तडकली म्हणून भंगारात निघालं होतं. त्यांनी ते पत्र्यावर बसवलं, ट्रकची एक जुनी बॅटरी मिळवली, तिच्यासाठी झाकणाला भोकं असलेली लाकडी पेटी केली आणि पेटी आमच्या बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात ठेवली. बाहेर ठेवली असती तर रात्रीत गेली असती. त्या संध्याकाळी आमच्याकडे ट्यूब लागली आणि ती बघायला अर्धा डोंगर दारात जमला.

मला मात्र त्या पेटीची भीतीच वाटायची. भर दुपारी घरात मी आणि माझी चार वर्षांची वैशाली, दोघीच. बाहेर कडक ऊन, आणि कोपऱ्यातल्या पेटीतून मंद आचेवर भात शिजावा तसा खदखद आवाज. मी पोरीला उचलून आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

आबांचं त्या पॅनलवर पोटच्या पोरासारखं प्रेम. रोज सकाळी ओल्या फडक्यानं ते पुसायचे, कारण डोंगराखालच्या दगडखाणीची धूळ दिवसभर उडायची. त्याला फिरवायला दोरी बांधली होती. सकाळी पॅनल पूर्वेकडे तोंड करून, दुपारी आभाळाकडे, चारनंतर पश्चिमेला. "ऊन फुकट असा," ते म्हणायचे, "पण आपणहून घरात येवचा नाय. तेचा तोंड खंय असा ता बघूक व्हया." एकदा माझ्या वाळत घातलेल्या परकराची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तर केवढा गहजब! एवढ्याशा सावलीनं सगळं पॅनल झोपतं म्हणे. आणि बॅटरी अर्ध्यावर आली की ट्यूब बंद, मग ताटात वाढलेलं असलं तरी. "बॅटरी म्हणजे दुभती म्हस. शेवटचो थेंब पिळून घेतलंस तर उद्या लात मारतली."

हे सगळं ते हौसेनं समजावून सांगायचे. पेटीचे नियम तेवढे हुकूम सुटल्यासारखे. पेटीवर काही ठेवायचं नाही. पेटीजवळ दिवा न्यायचा नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "का हो आबा?" तर म्हणाले, "ठेवूचा नाय म्हटलंय ना!" विषय संपला.

पुढच्या भाद्रपदात आमच्या गणपतीला डोंगरावरचं पहिलं विजेचं तोरण लागणार होतं. त्यासाठी आबांनी आम्हाला पंधरा दिवस ट्यूबशिवाय ठेवलं आणि ढगाळ दिवसांतलं मिळेल तेवढं ऊन साठवून बॅटरी काठोकाठ भरली. चतुर्थीलाही त्यांना सकाळची ड्युटी होती. जाताना मला म्हणाले, "आज ऊन पडला तर बाराक तो काळो खटको खाली कर. इसरा नको." पॅनल बॅटरीपासून तोडायचा खटका तो, पेटीच्या वरच भिंतीवर होता.

आणि नेमकं ऊन पडलं, आठ दिवसांच्या झडीनंतर अगदी लख्ख. मी मोदकांच्या उकडीत कोपरापर्यंत बुडालेली. त्यात मखराशेजारी ती ॲसिडनं डागाळलेली पेटी डोळ्यांना खुपत होती. लोक येणार, काय म्हणतील? आबांचा नियम एका दिवसापुरता मोडला तर काय होतंय! मी माझ्या रुखवतातली मखमली चादर काढली, पेटीवर घातली, चारी बाजूंनी नीट खोचली. वर फळांचं ताट मांडलं, समई लावून ठेवली. इतकं छान दिसलं की मीच जरा मागे सरून बघत राहिले. आरतीला शेजारपाजारचे जमले. वैशालीला बाप्पाजवळ जागा हवी होती, ती झांजा घेऊन, ताट सरकवून पेटीवरच जाऊन बसली. बारा कधीच वाजून गेले होते.

दुसरी आरती चालू असताना आबा दारात आले. सवयीनं उंबऱ्यावर थांबले, वास घेतला. धूप-कापराच्या वासात आम्हाला कुणाला काही कळलं नव्हतं. मी टाळ्या वाजवत सहज त्यांच्याकडे पाहिलं आणि माझे हात थांबले. ज्या माणसाला मी भीत होते तो माणूस भ्यालेला होता. तोंड पांढरंफटक.

"दिवो! दिवो काढ थंयसून!"

टाळ-झांजांत कुणाला ऐकू गेलं नाही. आबा चपलांसकट आत घुसले. सासूबाई ओरडल्या, "अहो, चपला!" आबांनी वैशालीला पेटीवरून उचलून छातीशी धरलं आणि पाठ फिरवली. पोरीच्या पायात चादर अडकली, ओढली गेली. समई कलली.

आवाज कानाबाहेर झालाच नाही, आत झाला. पेटीचं झाकण पत्र्यावर आदळून खाली पडलं. मग सगळं गप्प, आणि एक झांज जमिनीवर गोल गोल फिरत राहिली. घशात जाळ उतरावा असा वास. आबांच्या पाठीवरचा शर्ट आमच्या डोळ्यांदेखत विरत चालला होता.

"पाणी! पयला चेडवाक!"

डोंगरावर पाणी म्हणजे जीव. पाहुण्यांसाठी भरून ठेवलेले सगळे हंडे मी आधी पोरीवर आणि मग आबांवर रिकामे केले. वैशालीला ओरखडाही नव्हता. आबांची पाठ भाजली आणि डावा कान कायमचा गेला.

हॉस्पिटलात माझ्या नवऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "आबा, खटका बंद करायला कुणाला सांगितलं होतं?" माझी जीभ टाळूला चिकटली. आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"कोणाक नाय. मीच इसारलंय."

तिसऱ्या दिवशी मी पेज घेऊन गेले तेव्हा ते एकटेच होते. मी रडत म्हटलं, "आबा, खटका मी विसरले. चादरही मीच घातली." त्यांनी चांगला कान माझ्याकडे केला.

"माका ठावक असा. पण चूक माझी गो. काय करू नको ता सांगितलंय, कित्याक ता सांगूक नाय." थोडं थांबून म्हणाले, "आत गॅस धरता, ठिणगी लागली की फुटता, असा सांगितलं असतंय तर तुमी ती पेटी घरात ठेवूक दिली असती? मी भियालंय. माका उजेड व्हयो होतो."

नसतीच ठेवू दिली.

बरे झाल्यावर त्यांनी दुसरी बॅटरी आणली आणि ती घराबाहेर, वळचणीखाली, लोखंडी जाळीत कुलूप लावून ठेवली. मला आणि वैशालीला समोर बसवून त्या गॅसची सगळी कुळकथा सांगितली: बॅटरी भरल्यावरही ऊन येत राहिलं की तो सुटतो, आणि पेटीची भोकं झाकली की आतच साचतो. तेव्हापासून ते प्रत्येक नियमाचं कारण सांगायला लागले, ते इतकं की जीव नकोसा व्हायचा. हात धू म्हटलं तरी पाच मिनिटं भाषण. एक्स्चेंजमध्ये मात्र लोक त्यांना हसले. जन्म बॅटऱ्यांत काढला आणि स्वतःच्या घरी खटका विसरला! रिटायर होताना निरोपाच्या भाषणातही कुणीतरी तो विनोद केला. मी तिथे खुर्चीत बसले होते. आबाही हसले. मी तेव्हाही गप्प राहिले. आबा गेल्यावर दिवसकार्याला जमलेल्यांतही तीच गोष्ट निघाली, आणि मी पंगतीत वाढत राहिले.

आता वैशाली मुलुंडला असते. तिच्या गच्चीवर पॅनलांची रांग आहे. परवा तिच्याकडे गेले, दारात थांबले, वास घेतला, आत जाऊन खिडकी उघडली. ती हसायला लागली. "आई, आबांसारखं काय गं करतेस? या बॅटऱ्या सीलबंद असतात, वास नाही येत."

बॅटरीच्या कपाटावर तिनं भरतकामाचा रुमाल घातला होता आणि वर पितळेची समई. मी समई उचलली.

"इथे काही ठेवायचं नाही."

"का?"

मी तिला खाली बसवलं. म्हटलं, "त्या दिवशी आबा खटका विसरले नव्हते." आणि बारा वाजल्यापासूनचं सगळं सांगितलं, चादरीसकट, जिभेसकट. वैशालीनं माझ्या हातातली समई घेऊन खाली ठेवली. मग उठली, कपाटावरचा रुमाल काढला, त्याची घडी केली आणि विचारलं, "हे बाबांना माहीत आहे?"

"नाही," मी म्हटलं. "फोन लाव."