भिंतीवरची काजळी

शेजारच्या दिनेशची डिझेल गाडी उभी असते, तिथे आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर ताटाएवढा काळा डाग आहे. दिवाळीला रंग दिला तरी होळीपर्यंत तो परत उमटतो. दिनेश रोज सकाळी गाडी सुरू करून ठेवतो, आणि घरात माझ्या बायकोला खोकल्याची उबळ येते.

अशा गाडीच्या धुराच्या वाटेवर एक डबा असतो. त्यातली मधाच्या पोळ्यासारखी जाळी काजळी अडवते आणि पुरेशी तापली की तिथेच जाळून टाकते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीची जाळी मात्र तुंबते, मग गाडी ओढत नाही. माझं गॅरेज होतं तेव्हा अशा कितीतरी जाळ्या मी छिन्नीने फोडून काढल्या, रिकामे डबे वेल्डिंग करून परत बसवले आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, "साफ केली."

दिनेशलाही तेच सांगितलं होतं. आज खरं सांगितलं.

"मग राहू द्या ना तशीच, काका," तो हसला. "पिकअप काय मस्त आहे." आणि त्याने गाडी सुरू केली.

मी घरात येऊन खिडकी लावली.

"अहो, उघडी असू दे," ती म्हणाली. "जीव घुसमटतो."