शिल्लक राहिलेला टाइमआउट

दहिसरपासून मुलुंडपर्यंत आमच्या कोचसरांइतक्या शिव्या खाल्लेला दुसरा माणूस नसेल, आणि त्यातल्या निम्म्या तरी मी दिल्या आहेत. उपनगरांच्या नावाने बास्केटबॉलचा व्यावसायिक संघ निघाला, एका बिल्डरने पैसे घातले, मुलुंडच्या हॉलमध्ये सामने सुरू झाले, तेव्हा कोच म्हणून कुणी तरी परदेशी, निदान फाडफाड इंग्रजी बोलणारा माणूस येईल अशी आमची समजूत होती. आले ते वाकोल्याचे सर. गिरणी कामगाराचा मुलगा, बँकेतून रिटायर, पायात सँडल आणि रागावले की थेट मालवणी. पहिल्याच सामन्यात एक पोरगा रिंगखाली बॉलची वाट बघत उभा राहिला, तर सर भर हॉलमध्ये ओरडले, "मेल्या, बॉल काय पिंडाचो कावळो आसा? वाट कित्याक बघतस?" आम्ही पोट धरून हसलो. त्यानंतर संघ हरत गेला आणि आमचं हसणं कडवट होत गेलं.

सरांना नावं लक्षात राहत नसत आणि पाठीवरच्या नंबरांवर त्यांचा विश्वास नव्हता. ते खेळाडू ओळखायचे राहत्या जागेवरून. संघातल्या साडेसहा फुटी नायजेरियनला मालकाने गोरेगावात फ्लॅट दिलेला, म्हणून तो गोरेगाव. बिचारा महिन्याभरात या नावाला ओ द्यायला लागला. भांडुपचे दोघं होते, त्यांची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली. खरी वाट लागली ती घाटकोपरची. त्याचं लग्न झालं, त्याने बोरिवलीला घर घेतलं, पण बोरिवली संघात आधीच होता. सरांनी 'बोरिवली' म्हटलं की तोच उठायचा आणि हा नवरामुलगा दोन सामने बेंचवर बसून राहिला. शेवटी त्याने सरांना खोटंच सांगितलं की परत आईकडे राहायला आलोय, तेव्हा कुठे आत गेला.

सरांच्या मते बास्केट करणं ही दुय्यम गोष्ट होती, समोरच्याला करू न देणं हाच खेळ. पहिला महिनाभर त्यांनी बॉल कपाटात कुलपात ठेवले आणि पोरांना नुसतं खेकड्यासारखं आडवं पळवलं. हरल्यावर कुणी वार्ताहराने कारण विचारलं तर म्हणायचे, "त्यांचे पॉइंट जास्त झाले." पण सगळ्यात डोक्यात जायचा तो त्यांचा टाइमआउट. सामन्यात कोचला पाच वेळा खेळ थांबवता येतो. सर एकदाही थांबवायचे नाहीत. समोरचे सलग बारा पॉइंट करून जायचे, लोक वरून बोंबलायचे, आणि सर मागे हात बांधून रेषेवरून फेऱ्या मारत राहायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आठवडाभरात जो शिकला नाही तो मिनिटभरात काय शिकणार? पाणी प्यायचं तर घरी प्या." यावर मी इतके विनोद केले, इतक्या नकला केल्या, की संघाला ओळखत नसलेले लोकही 'टाइमआउट न घेणारा कोच' म्हणून सरांना ओळखू लागले. न्यायाने सांगायचं तर त्याच माणसाने हा लिंबूटिंबू संघ उपांत्य सामन्यापर्यंत नेला. कसा, ते आम्हाला कळलं नाही. कळून घ्यायचंही नव्हतं.

त्या सामन्यातलं खरं मी गेल्या रविवारपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

मी नुसता प्रेक्षक नव्हतो. हौसेने स्कोअररची परीक्षा दिलेली, त्यामुळे सामन्याच्या दिवशी मी स्कोअरच्या टेबलावर बसायचो. कोचने टेबलाला खूण केली की बझर दाबायचा, म्हणजे खेळ थांबतो, एवढं ते काम. टेबलावरच्या माणसाने कुणाच्याच बाजूचं असायचं नसतं, आणि मी तर मनातल्या मनात या संघासाठी घसा बसवून घेणारा. शेवटची एकोणीस सेकंदं. समोरच्यांनी बास्केट केली, बासष्ट-एकसष्ट, आम्ही एकने मागे. आणि सर रेषेवरून तडक माझ्यासमोर आले आणि दोन्ही हातांनी टाइमआउटची खूण केली. वर्षभरात पहिल्यांदा. माझं बोट बझरवर होतं. मनात आलं, आता? समोरचे धापा टाकतायत, आपल्या पोराने बॉल उचललाय, आणि आता या माणसाला अक्कल सुचली? मी बझर दाबला नाही. एकच क्षण, पण तेवढ्यात पोराने बॉल रेषेवरून आत टाकला, आणि एकदा खेळ सुरू झाला की टाइमआउट मिळत नाही. माझ्या शेजारचा घड्याळवाला घड्याळाकडे बघत होता, हॉल ओरडत होता. पोराने घाईने शॉट मारला, तो रिंगलासुद्धा लागला नाही.

सामना संपल्यावर मालक टेबलापाशीच आले. टाइमआउट शिल्लक असताना घेतला का नाही, असं त्यांनी सगळ्यांदेखत सरांना विचारलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्कोअरशीटवर सही करत होतो, ती मी फार सावकाश केली.

"सुचलं नाही," सर म्हणाले.

आठवड्याभरात त्यांना काढलं. खरं बोलले असते तरी कुणाला पटलं असतं? त्यांची ख्याती तर मीच केली होती. पुढे कँटीनमध्ये विषय निघाला की मीही सगळ्यांबरोबर हसायचो. आताचा कोच दर तीन मिनिटांनी टाइमआउट घेतो आणि तरी हरतो. परवा टेबलावर एक नवी मुलगी आली, तिला कुणी तरी सरांचा तो किस्सा सांगितला. ती हसली, मी हसलो, आणि मग मला बसवेना. रविवारी वाकोल्याला गेलो.

सर बनियनवर बसून मटार सोलत होते. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी शेंग सोलायचं थांबवलं नाही.

"माहीत आहे रे. तुझं बोटच बघत होतो मी."

"मग बोलला का नाहीत, सर?"

"तुला टेबलावरून उठवलं असतं. आणि थांबवून तरी मी काय सांगणार होतो? डोकं रिकामं होतं माझं. बरं केलंस, माझी अब्रू वाचली."

मला इतकं हलकं वाटलं की मीही दोन शेंगा सोलल्या. सर मटार घेऊन आत गेले. वहिनी चहा घेऊन आल्या. टीपॉयवर एक जुनी, घडी पडून फाटायला आलेली चिठ्ठी होती, तिच्यावर मी कप टेकवणार तोच त्या म्हणाल्या, "त्यावर नका हं ठेवू, माझ्यावर ओरडतील. सारखे तेच घेऊन बसतात."

मी उचलून पाहिली. कोपऱ्यात सरांच्या अक्षरात ६१-६२, १९ सेकंद. खाली पाच गोल आणि बाण. खाडाखोड करून, पुन्हा गिरवून गिरवून ते बाण कागदाच्या पलीकडे उमटले होते.

मी चहा पिताना तो डाव नीट पाहिला. खरं सांगायचं तर फार भारी नव्हता. पण बास्केट झाली असती.