चहा न घेणाऱ्या बाई

बोलायच्या बाई पेशंट बाईच्या हातचा चहा घेत नसत. घरातल्या पुरुषानं केला तर कप रिकामा करायच्या, नाहीतर घोटभर पाणी. आमच्याकडं पहिल्यांदा आल्या तेव्हा माझी बायको शालन पातेलं घ्यायला उठली. हार्ट अटॅकातून नुकतीच घरी आली होती. बाईंनी तिला हाताला धरून बसवलं आणि मला विचारलं, "काका, चहा येतो तुम्हाला?"

"मी लेथवरचा माणूस हाय."

"मग शिका की. लेथपेक्षा सोपा हाय."

हॉस्पिटलनं त्यांना हृदयाच्या पेशंटांसाठी नेमलं होतं. डॉक्टर गोळ्या द्यायचे, ह्या घरी येऊन नुसत्या बोलायच्या, म्हणून गल्लीनं ते नाव पाडलं. मूळच्या गडहिंग्लजच्या, घरात कानडी, त्यामुळं मराठी सावकाश आणि ठासून. मला वाटायचं, बोलून काय काळीज दुरुस्त होतंय? तसं असतं तर आमच्या घरात कोण आजारीच पडलं नसतं.

शालन तेव्हा न्हाणीची कडी लावत नव्हती. आत मेलो तर काढणार कसं, म्हणायची. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी एक गोळी वाढवली. बाई न्हाणीच्या दाराबाहेर पाट टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "कडी लाव आणि आतनं मला पांढरा रस्सा कसा करायचा ते सांग." लिंगायताच्या बाईला काय करायचाय मटणाचा रस्सा? पण शालन आतनं ओरडून सांगत राहिली, खसखस किती, नारळाचं दूध कधी. आंघोळ झाली तरी रस्सा संपेना. बाई दर गुरुवारी यायच्या; पुढच्या गुरुवारी आल्या तेव्हा कडी लागली होती.

खरं दुखणं वेगळंच होतं. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला माणसं येतात. कबनूरची आली, जयसिंगपूरची आली. येताना अंगात ताकद यावी म्हणून तेलाच्या तवंगाच्या रश्शाचा डबा आणायची आणि जाताना आजाऱ्याच्याच हातचा चहा पिऊन जायची. तोंडानं "पडून ऱ्हा, पडून ऱ्हा" म्हणायचं आणि डोळं स्वयंपाकघराकडं.

त्यावर बाईंनी तालीम सुरू केली. स्वतः बाहेर जायच्या आणि पावणी होऊन पदर खोचत आत यायच्या. "काय गं शालन, वाळलीस की. चहा टाक बघू." शालननं म्हणायचं होतं, "आज माझं होत न्हाय. डबं फळीवर हायत, करून घ्या." तिला ते म्हणताच येईना. पदरात तोंड घालून हसायची. "असं कसं म्हणू? माणसं काय म्हणतील?"

बाई म्हणाल्या, "तू मेलीस तर तेरा दिवस रडतील. न्हाय म्हणालीस तर तेरा दिवस रागावतील. काय परवडतंय बघ."

शेवटी ती म्हणाली, तेही माझ्या थोरल्या बहिणीला. आक्कानं माझ्याकडं बघितलं, मी कपाटाकडं बघितलं. तिनं चहा केला, साखर आपटली, न सांगता निघून गेली. त्या दिवशी शालन पोटभर जेवली. "म्हटलो का न्हाय?" असं मला सारखं विचारत होती.

आणि मग हॉस्पिटलनं बाईंना काढलं. बोलण्याचं बिल कशात लावायचं, असा प्रश्न कुणालातरी पडला म्हणे. शालन गुरुवारी दाराशी बसायची. कोपऱ्यावर पीसीओ होता, निरोप मिळाला असता. आला नाही. मी म्हटलं, "मी होतो पावणी." ती म्हणाली, "तुमच्यापुढं हसू येत न्हाय मला."

वर्षाच्या जत्रेला घर भरलं. मी शालनला स्वयंपाकापासनं अडवलं तर म्हणाली, "आजचा दिवस." आक्काही आली होती, रुसवा सोडून, म्हणून तिला जास्तच हुरूप. मी पंगतीला वाढत होतो. आतनं भाकरी यायची थांबली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "वहिनी, होऊ दे लवकर." मी आत गेलो तर तव्यावर भाकरी करपत होती आणि शालन ओट्याखाली पडलेली. गेली होती.

कार्य उरकल्यावर बाई एसटीनं आल्या. मी शब्द साठवूनच बसलो होतो.

"अर्ध्यात सोडून गेलासा."

"मला काढलं, काका."

"निरोप?"

"चुकलं," म्हणाल्या. एवढं बोलायची बाई, पण एवढंच बोलली. मी चहा ठेवला. त्यांनी कप रिकामा करून खाली ठेवला. मी त्यांना माफ केलेलं नाही. पण शालनला मनापासनं हसवलं ते त्यांनीच, हेही खोडता येत नाही.

परवा आक्का आली. म्हणाली, "शालनच्या हातचा चहा कुणाला जमायचा न्हाय बघ." मी म्हटलं, "आज माझं होत न्हाय. डबं फळीवर हायत, करून घे."

ती उठली आणि गेली. आता सगळ्यांनाच तसं म्हणतो. येणारी माणसं कमी झालीत. शालनला ते एकदाच म्हणता आलं होतं.