रिकाम्या यादीचा अर्थ

ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणत. दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर आम्ही दोघं सांभाळायचो. माणूस भलताच हुशार, पण तितकाच भिडस्त. डेटाबेसमधून माहिती मागवायला लांबलचक क्वेऱ्या लिहायचा मला कंटाळा, म्हणून त्यांनी प्रोग्रामिंगच्या भाषेत मुळातच असलेल्या, सगळ्या प्रोग्रामभर वापरल्या जाणाऱ्या 'यादी'लाच नवं काम शिकवलं. डॉक्टरांच्या नावांची यादी दिली, की त्यांच्या अपॉइंटमेंट डेटाबेसमधून काढणारी क्वेरी आपोआप तयार! मी हरखूनच गेले.

पण माझं तेवढ्यावर कुठलं भागायला? "काका, यादी रिकामी असली तर सगळ्याच डॉक्टरांचं दाखवा ना. शोधाच्या पानावर कुणी काहीच निवडलं नाही, की मला दर वेळी वेगळं लिहीत बसावं लागतं."

"नको गं. रिकामी म्हणजे कुणीच नाही. आणि मूळ यादीत बदल केला, की तो सगळीकडे लागू होणार."

आठवडाभर मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी बिचाऱ्यांनी केलं.

दोन महिन्यांनी मी रजेवरच्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट रद्द करणारी ओळ लिहिली. पहिल्याच दिवशी रजेवर कुणी नव्हतं. यादी रिकामी गेली, रिकामी म्हणजे सगळेच डॉक्टर, आणि अख्ख्या दवाखान्याच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. लांबून आलेली आजारी माणसं दारातूनच परत गेली.

मीटिंगमध्ये साहेब कडाडले, "मूळ यादीत हात कुणी घातला?"

"मी," काका म्हणाले.

माझी दातखीळ बसली. छे, आता खोटं कशाला बोलू? मी मुद्दामच तोंड उघडलं नाही. महिनाअखेरीला काकांनी राजीनामा दिला.

चार वर्षं मी समजत होते, काकांनी मला पाठीशी घातलं. परवा अगदीच राहवेना, तेव्हा माफी मागायला त्यांच्या घरी गेले. काकूंनी दारातच हळू आवाजात सांगितलं, "हल्ली कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. 'माझी बुद्धीच गेली' म्हणतात."

मी काकांसमोर बसून सगळं सांगून टाकलं. त्यांना यातलं काही आठवतच नव्हतं! ती कल्पना आपल्याच डोक्यातून निघाली, असंच ते इतकी वर्षं धरून बसले होते.

"तू मागितलं होतंस? आणि मी नको म्हणालो होतो?"

"आठवडाभर म्हणत होतात, काका."

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी काकूंना हाक मारली. "मी नको म्हणालो होतो! मला कळलं होतं!" डोळे भरून आले होते त्यांचे, आणि हसतही होते.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तू तेव्हाच का नाही गं सांगितलंस?"

रागावून नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.