टाकी दिसते

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, पण सरळ जमेल की नाही — बघू.

नव्वदच्या दशकात एका मोठ्या विमान कंपनीनं लहान गावांसाठी एक धाकटी कंपनी काढली होती. तिचं नऊ जणांचं विमान रोज सकाळी मुंबईहून जालन्याजवळच्या आमच्या धावपट्टीवर उतरायचं आणि बियाणं कंपन्यांचे साहेब, सळईवाले शेठ यांना घेऊन परत जायचं. मी तिथला वायरलेसवाला. आमच्या आष्टीत मला 'विमानवाले' म्हणत. मी स्वतः कधी विमानात बसलो नव्हतो, पण ते कशाला सांगायचं?

धुकं मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. पलीकडच्या गावातली पाण्याची टाकी होती. पट्टीचे राखणदार रफीकभाई — ढोरं हाकलण्यापासून सगळं तेच बघायचे — माझ्या खोलीच्या गच्चीवर चढायचे आणि वरून ओरडायचे, "दिसते." मी तेच वायरलेसवर सांगायचो. टाकी दिसली तर विमान उतरणार, नाही तर परत. एवढाच कारभार.

त्या पौषात लागोपाठ दोन दिवस विमान परत गेलं. आमच्या कंपनीचे मुंबईचे साहेब फोनवर अगदी शांतपणे म्हणाले, आणखी एकदा परत गेलं तर तुमचं ठाणं बंद. मी घाबरलो. पगाराला? खरं सांगू — गावात मला पुढे काय म्हणतील, त्याला.

तिसऱ्या दिवशी दारासमोरची बाभळही दिसेना. रफीकभाई वरून म्हणाले, "न्हाई दिसून राह्यली, भाऊ. थोडं थांबू." मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. आणि बटण दाबून सांगितलं — टाकी दिसते.

आवाज आला. डोक्यावरून गेला, वळला, पुन्हा खाली आला. आम्ही दोघं बाहेर उभे. तेव्हाही मला वायरलेसकडे धावता आलं असतं. का नाही धावलो? मग पट्टीच्या अलीकडेच, कपाशीच्या रानात, तो आवाज एकदम बंद झाला.

आत तिघं होते. दोघं वाचले. पायलट गेला.

चौकशीत विचारलं, टाकी कुणी बघितली? मी म्हणालो, रफीकभाईंनी. हे तर खरंच होतं ना? खोटं त्याच्या पुढचं — ते 'दिसते' म्हणाले, असं मी सांगितलं. बाहेर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, मी 'न्हाई' म्हणलो असं मला वाटून राह्यलंय. बराबर काय म्हणलो मी?" त्यांना भांडायचं नव्हतं हो. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

"दिसते म्हणलात तुम्ही," मी म्हणालो.

"मंग माझेच डोळे," ते म्हणाले.

नोकरी त्यांची गेली. माझी राहिली, ठाणं बंद होईपर्यंत. ते एमआयडीसीत एका रोलिंग मिलच्या फाटकावर लागले. दर ईदला शीरखुर्मा घेऊन माझ्या आष्टीच्या घरी यायचे. मी तो खायचो. वाटी पुसून खायचो.

गेल्या महिन्यात रफीकभाई वारले. मी मातीला गेलो. त्यांच्या मुलानं चष्मा दाखवला. "काका, अब्बा दोनदा डोळे तपासून आल्ते. डॉक्टर म्हणले, नजर बिलकुल चांगली हाय. अब्बांनी मानलंच न्हाई. ही सादी काच बसवून घेतली." मी तो चष्मा लावून बघितला. काहीच फरक पडला नाही.

रफीकभाईंचे डोळे चांगले होते. टाकी दिसत नव्हती. त्यांनी मला तसं सांगितलं होतं.